रेड अलर्ट होता, मग पाऊस कुठे गेला? इशारा वाचताना या चुका टाळा

रेड अलर्टच्या दिवशी ऊन पडलं की कट्ट्यावर हवामान खात्याची टिंगल सुरू होते. खातं कधीच चुकत नाही असं नाही; पण अनेकदा आपणच फक्त रंग पाहिलेला असतो, खालची ओळ वाचायची राहून जाते.

त्या ओळीत 'तुरळक ठिकाणी' असेल, तर अंदाज जिल्ह्यातल्या फार तर पाव भागापुरता असतो. पुणे, सातारा, कोल्हापूरला घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतात. ताम्हिणी घाटासाठीचा रेड अलर्ट वाचून पुण्यातल्या हडपसरला रेनकोट घालून निघालात, तर चूक कुणाची? आणि पाऊस जागेनुसार किती बदलतो म्हणाल, तर 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर, त्याच मुंबईत कुलाब्याला 74च्या आसपास.

दुसरी चूक रेडची वाट पाहण्याची. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हला. सामान माळ्यावर चढवायचं, गुरं हलवायची, औषधं आणून ठेवायची, ती ऑरेंजलाच. रेड येईपर्यंत कधीकधी रस्ताच बंद झालेला असतो.

नदीकाठी तर आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून काही कळत नाही. कोल्हापुरात पाऊस उघडला म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि तिकडे राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले असतात. तिथे पाहायचा तो राजाराम बंधाऱ्याजवळच्या पाणीपातळीचा आकडा: 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. सांगलीकरांसाठी आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. आकडा नुसता पाहू नका, तासाला किती चढतोय ते पाहा.

फॅमिली ग्रुपवरचा स्क्रीनशॉट पुढे ढकलण्याआधी त्यावरची तारीख-वेळ बघा. 'पुढील तीन तासांत' असं लिहिलेला इशारा दुपारी निघतो आणि रात्री जेवणं झाल्यावर काकांकडून येतो. त्याचा उपयोग शून्य, घबराट मात्र ताजी.

इशारा फोनवर येतच नसेल तर सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना चालू आहेत का ते तपासा. या सूचनांच्या चाचणीच्या वेळी फोनचा तो कर्कश आवाज ऐकून वैतागून बऱ्याच जणांनी त्या बंद करून टाकल्या असतील. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. त्याला लोकेशनची परवानगी लागते, आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोनच ते झोपवत नाही ना, हेही बघावं लागतं.

आणखी एक, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दामिनी इशारा देतं ते फोन जिथे आहे तिथला. मुलगा पुण्यात, ॲप त्याच्या फोनात आणि वडील बीडकडच्या रानात, असं असेल तर ते त्यांच्या काही कामाचं नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्यांच्या फोनात ॲप टाका, परवानग्याही स्वतः लावून द्या, आणि आवाज मोठा ठेवा.