‘मले’ आलं की ‘मी’: इंग्रजी सर्वनामांच्या या चुका टाळा

सहावीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, ‘माय फादर इज अ फार्मर. दे ग्रो कॉटन.’ मी ‘दे’खाली रेघ मारली तशी ती म्हणाली, “सर, बाबाले ‘तो’ कसं म्हणू?”

तिचं बरोबरच होतं. आपण मान अनेकवचनानं देतो, इंग्रजीत सर्वनामातून मान देत नाहीत. बाप असो की कलेक्टर, एकटा पुरुष असेल तर ‘ही’, एकटी बाई असेल तर ‘शी’. हे आधीच समजावून सांगा, नाहीतर ‘ही’ लिहिताना पोरांचा हात अडखळतो.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. तरी दहावीच्या वह्यांतही त्याच चुका सापडतात, कारण त्या मराठीच्या सवयीतून येतात.

सगळ्यात जास्त घोळ ‘मी’चा. मराठीतला ‘मी’ म्हणजे इंग्रजीतला ‘आय’, आणि इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’. उच्चार एक, काम वेगळं. मग पोरं लिहितात, ‘मी गो टू स्कूल.’ इथं मी वऱ्हाडीची मदत घेतो. वाक्य आधी घरी बोलता तसं म्हणा. मले, त्याले, तिले, आमाले असं ‘ले’ आलं, की इंग्रजीत मी, हिम, हर, अस. ‘मास्तरानं मले बोलावलं’ म्हणजे ‘द टीचर कॉल्ड मी’. ‘मी त्याले पाहिलं’ म्हणजे ‘आय सॉ हिम’. ‘माह्यासंग’ला ‘ले’ नाही, पण तिथंही ‘विथ मी’च. बोलीला वर्गाबाहेर ठेवू नका, ती इथं व्याकरण शिकवते.

फक्त एका ठिकाणी हे ‘ले’ फसवतं. ‘मले भूक लागली’, ‘मले संत्रं आवडते’ अशा वाक्यांत ज्याला भूक लागते किंवा आवडतं, तो इंग्रजीत कर्ता होतो: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय लाइक ऑरेंजेस’. ही वाक्यं वेगळी घोकून घ्या.

दोन माणसं एकत्र आली की शिकलेलेही चुकतात. ‘शी गेव्ह द बुक टू राजू अँड आय’ भारदस्त वाटतं, पण राजूला बाजूला काढा. ‘टू आय’ कोणी म्हणेल का? म्हणून ‘टू राजू अँड मी’.

‘हिज’ आणि ‘हर’चं कोडं ‘ची’मुळे पडतं. ‘रमेशची आई’ म्हटलं की आई बाई आहे म्हणून पोरं ‘हर मदर’ लिहितात. आपला ‘चा-ची-चे’ पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतो, इंग्रजी मालकाकडे पाहते. आई कोणाची? रमेशची. म्हणून ‘हिज मदर’.

‘काल बाजारात गेलो होतो’ यात ‘गेलो’वरून माणूस कळतो, इंग्रजीत ‘आय’ किंवा ‘वी’ लिहावंच लागतं. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोन्हींना ‘वी’. आणि मुलाखतीत ‘मायसेल्फ प्रशांत’ नको, ‘आय ॲम प्रशांत’ म्हणा.

मराठीत बस ‘ती’ असली तरी इंग्रजीत ‘इट’. जनावरांच्या बाबतीत मात्र हात आवरा. जीव लावलेल्या जनावराला इंग्रज माणूसही ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणतो. पोळ्याच्या निबंधात एखाद्यानं आपल्या बैलाबद्दल ‘वी पेंटेड हिज हॉर्न्स’ लिहिलं असेल, तर तिथं लाल शाई लावू नका.