'रन'चे ६४५ अर्थ: पाठ न करता बरोबर अर्थ कसा पकडायचा

इंग्रजीतला रन म्हणजे पळणे, शाळेत एवढंच शिकवलं आणि आपण तेवढ्यावर खूश. नंतर कळलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांनी नुसतं क्रियापद म्हणूनच याचे ६४५ अर्थ काढलेत आणि त्या कामाला एका संपादकाचे नऊ महिने गेले. पाठ करायच्या भानगडीत पडूच नका. आपल्या 'लागणे'चे अर्थ कुणी पाठ केलेत? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, आणि आपण कधी अडखळत नाही कारण आपण 'काय' लागलं तेच बघतो. इथंही तसंच करायचं.

आधी बघा रन कोण होतंय. माणूस असेल तर बहुतेक पळतोय (पुढे 'फॉर प्रेसिडेंट' असेल तर निवडणूक लढवतोय), नाक असेल तर वाहतंय, बस असेल तर धावतेय, रंग असेल तर जातोय. हे शेवटचं मी कपडे घालवून शिकलो, लेबलवर 'कलर्स मे रन' वाचून रंग कुठे पळणार म्हणून हसलो आणि सगळे पांढरे शर्ट गुलाबी करून बसलो.

मग बघा, रनच्या पुढे लगेच एखादी वस्तू आलीय का. बिझनेस आला तर चालवणं, टेस्ट आली तर करणं, फीवर आला तर अंगात ताप असणं. हे सोपं आहे.

खरी गंमत रनच्या पुढच्या चिटुकल्या शब्दात असते आणि गडबड पण तिथंच होते. 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणं, पळून जाणं नाही. 'रन इनटू' मित्र असेल तर अचानक गाठ पडणं, भिंत असेल तर धडकणं. 'रन ओव्हर' तर भयंकरच, मीटिंग रन ओव्हर झाली म्हणजे नुसती लांबली, पण मांजर झालं तर गाडीखाली आलं! म्हणजे परत पहिल्या पायरीवर, कोण ते बघा. आणि 'थ्री डेज रनिंग' मध्ये कुणीच पळत नाही, सलग तीन दिवस एवढंच.

एवढं करूनही अडलं तरच डिक्शनरी उघडा, पण शिकणाऱ्यांसाठी असते ती, त्यात जास्त वापरातले अर्थ सहसा वर असतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत जुना अर्थ आधी येतो, तिथं शोधत बसलात तर चहा गार होईल.

रन जमला की 'सेट' घ्या, ऑक्सफर्डच्या त्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद त्याचीच होती.