तीन पायांचं नेमबाजीचं टेबल: आपल्या मापाचं, गाडीत मावणारं

टेबल विकत घ्या नाहीतर घरी करा, पण एक गोष्ट आधी पक्की करा: बसायची जागा टेबलाला जोडलेली नको. बाजारात मिळणाऱ्या घडीच्या टेबलांपैकी बऱ्याच टेबलांना लोखंडी दांडीने खुर्ची जोडलेली असते. फोटोत ती फार सोयीची दिसते, एकच नग उचलला की झालं. पण आपण श्वास घेतो, बूड सरकवतो, चापाकडे बोट नेताना खांदा किंचित आवळतो आणि ते सगळं त्या दांडीतून टेबलात जातं, टेबलातून रायफलीत.

किती जातं, याचं गणित सोपं आहे. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे मला समरूप त्रिकोण दिसल्याशिवाय राहत नाहीत. टेबलावर रायफल दोन ठिकाणी टेकते: पुढे उशीवर आणि मागे दस्त्याखालच्या पिशवीवर. या दोहोंत 60 सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. पुढची उशी जागची हलली नाही आणि मागे दस्ता फक्त 1 मिलिमीटर सरकला, तर 25 मीटरवरच्या निशाणावर नेम 4 सेंटिमीटरांहून जास्त ढळतो. तेव्हा स्टूल वेगळं. घरातलं कुठलंही चालेल, फक्त करकरणारं नको.

हे टेबल कोणासाठी, तेही सांगते. स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून. तिथे टेबलाला जागाच नाही. टेबलावर रायफल टेकवून नेम मारणं, ज्याला बेंचरेस्ट म्हणतात, हा वेगळा खेळ आहे आणि तो ऑलिंपिकमध्ये नाही. पण दुर्बीण झिरो करायची, म्हणजे फुली जिथे तिथेच छर्रा लागेल अशी लावायची असेल, कुठल्या डबीतले छर्रे आपल्या नळीला मानवतात ते बघायचं असेल, किंवा माझ्यासारखी एनसीसीत पालथं पडून .22 चालवलेली मान आता वर उचलत नसेल, तर टेबलाला पर्याय नाही. इंदूरजवळ महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट आहे, रेवतीला बीएसएफची रेंज आहे. पण ती आपल्यासाठी नव्हेत. आमची रेंज म्हणजे सिमरोलच्या बाजूला दिरांच्या शेताचा एक कोपरा, आणि तिथलं टेबल गाडीच्या डिकीतून जातं आणि डिकीतूनच परत येतं.

विकतचं घेणार असाल तर

दुकानात जाऊन टेबलाच्या कडेला तळहात ठेवा आणि आडवा दाब द्या. वरून दाबून काही कळत नाही, वरून सगळीच टेबलं भक्कम असतात. आडव्या दाबाने पाय जिथे फळीला मिळतो तो सांधा बोलतो. सांधा प्लॅस्टिकचा असेल तर पुढे जा. खुर्ची जोडलेली असेल आणि ती काढून टाकता येत असेल, तर विचार करायला हरकत नाही. केटरिंगवाल्यांची घडीची टेबलं मुळीच नकोत. ती पंगतीलाही डोलतात.

सुताराच्या कामाला वापरतात ते घडीचं वर्कबेंच कुठे उसनं मिळत असेल तर एकदा वापरून बघा. बऱ्यापैकी उभं राहतं. त्याची उंची मात्र उभ्याने काम करण्यासाठी असते आणि खाली गुडघ्यांना जागा नसते.

उंची आधी, लाकूड नंतर

इंटरनेटवर मापं पुष्कळ सापडतील, पण ती कोणा सहा फुटी माणसाची असतात. आपलं माप आपण काढायचं. ज्या स्टुलावर बसणार त्यावर ताठ बसा, रिकामी रायफल खांद्याला लावा, मान न वाकवता डोळा दुर्बिणीशी आणा आणि तशाच थांबा. दुसऱ्या कोणीतरी जमिनीपासून रायफलीच्या पुढच्या लाकडाच्या पोटापर्यंत टेप लावायची. त्यातून पुढच्या उशीची उंची वजा करा. उरलं ते टेबल. माझं स्टूल 18 इंच, रायफलीचं पोट 37 इंचांवर, उशी 6 इंच, म्हणजे टेबल 31 इंच. माझ्यापेक्षा वीतभर उंच भाच्याने त्यावर बसायचं तर तो स्टूल बदलतो, टेबल नाही.

फळीला 18 मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या, ज्यावर आयएस 710 असा शिक्का असतो. 36 बाय 30 इंचांचा तुकडा पुरतो, 30 इंच ही रुंदी. प्लायच्या दुकानात कटपीस मागा, अख्खी शीट घ्यायची गरज नाही. फळी आठेक किलोची होते.

आता कापणी. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचं शरीर रायफलीच्या डावीकडे असतं. म्हणून मागच्या डाव्या कोपऱ्यातून 16 इंच रुंद आणि 15 इंच खोल तुकडा काढून टाकायचा. उजवीकडे 14 इंचांची शेपटी उरते, तिच्यावर मागची पिशवी आणि उजवं कोपर. डावखुऱ्यांनी हे सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं करावं. आतला कोपरा काटकोनात सोडू नका, ताटाच्या कडेने रेघ मारून गोल करा, नाहीतर तो पोटात रुततो.

प्लायच्या चारी कडांना आणि भोकांच्या आत ऑइल पेंटचे दोन हात द्या. प्लायमध्ये पाणी शिरतं ते कडेतून. वरच्या बाजूला चकचकीत सनमायका लावू नका, सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत येतं.

पायांचा हिशेब

आमच्या मिस्त्रीने नकाशा बघून विचारलं, "मॅडम, तीन टाँग का टेबल कौन बनाता है?" मी त्याला अंगण दाखवलं आणि म्हटलं, इथे चार पायांचं टेबल न डुगडुगता ठेवून दाखव. तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, म्हणून तीन पाय कुठल्याही उंचसखल जमिनीवर टेकतात. फळी थोडी तिरपी राहील, पण हलणार नाही. तिरपेपणा पाणसळ ठेवून एका पायाखाली फळकुट सरकवून काढता येतो.

पुढे दोन पाय, मागे शेपटीखाली एक. पाय म्हणजे 1 इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, दोन्ही टोकांना आटे पाडून. फळीच्या खाली फ्लँज, म्हणजे मध्ये आटे असलेली लोखंडी चकती, पाइप त्यात फिरवून बसवायचा. सगळं सामान इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत मिळतं आणि पाइप मापाने कापून आटे पाडून देणाराही तिथेच सापडतो. फ्लँज फळीला सरळ लावू नका. मध्ये सागाची पाचर घाला, साधारण 12 अंशांची, म्हणजे पाय बाहेर फाकतील. 30 इंच उंचीवर पावलं सहा-साडेसहा इंच बाहेर जातात आणि तिरकेपणामुळे पाइप पाऊण इंचभर जास्त लांब लागतो. फ्लँज लाकडी स्क्रूने बसवाल तर काही दिवसांत प्लाय भोक सोडतो. आरपार 8 मिलिमीटरचे बोल्ट, खाली वॉशर आणि नट, वर बोल्टचं डोकं फळीत बुडलेलं.

इथपर्यंत सगळे करतात. पुढचं बहुतेक जण बघत नाहीत. टेबल उभं करून तिन्ही पावलांना खडूने जोडा, जमिनीवर त्रिकोण काढा. मग स्टुलावर बसा, कोपरं जिथे टेकतात तिथून ओळंबा सोडा. डावं कोपर बहुधा त्रिकोणाच्या बाहेर पडेल, उजवंही. जोर दिला की टेबल त्या बाजूला कलंडायला बघणार. मागचा पाय डावीकडे सरकवला तर उजवं कोपर आणखी बाहेर जातं, उजवीकडे सरकवला तर डावं. म्हणून पाय शेपटीच्या मधोमधच ठेवायचा आणि टेबलाला वजन द्यायचं. पुठ्ठ्यावर तो त्रिकोण छोट्या मापाने काढा, मध्यगांचा संपातबिंदू (प्रत्येक कोपरा समोरच्या बाजूच्या मध्याला जोडला की रेघा मिळतात तो बिंदू) काढा आणि फळीच्या खाली बरोबर तिथे एक जाड आयबोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट, लावा. त्याला 20 लिटरचा पाण्याचा कॅन टांगायचा. वीस किलो वजन, आणि ते घरून न्यावं लागत नाही, विहिरीवर भरता येतं. कॅन जमिनीपासून बोटभर वर राहू द्या आणि झुलू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी सरकवा. कोपरं चार बोटं बाहेर असतील तर एवढं वजन पुरतं. वीतभर बाहेर असतील तर पाचर वाढवून पाय आणखी फाकवा.

माळव्याच्या काळ्या मातीसाठी पावलं वेगळी लागतात. पावसाळ्यानंतर नुसता पाइप भाल्यासारखा जमिनीत जातो, आणि उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की पाय आत गडप. फॅब्रिकेशनवाल्याकडून 4 इंची चौकोनी, 5 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या पाइपच्या टोपणांवर वेल्ड करून घ्या. पट्टी पाइपला काटकोनात नको, 12 अंशांचा कल धरून लावा, म्हणजे ती जमिनीवर सपाट बसते. फक्त मग पाय आवळून झाल्यावर पट्टीचं तोंड बरोबर दिशेला यायला हवं. एकदा बसवून घेतलं की पाइपवर आणि फ्लँजवर रंगाची समोरासमोर खूण करा. कुठला पाय कुठल्या फ्लँजमध्ये, तेही लिहून ठेवा.

उशा

पुढच्या उशीला जुन्या जीन्सचा पाय उत्तम. नर्मदेची रेती चाळून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून भरा. पुढची ठासून भरायची, मागची थोडी सैल, कारण मागची मुठीत दाबून नेम वर-खाली करायचा असतो. तांदूळ किंवा डाळ भरा असं सांगणारे भेटतील. त्यांच्याकडे सोंडकिडे होत नसावेत.

स्प्रिंगची एअर रायफल असेल तर उशीवर ती घट्ट दाबू नका. आतलं पिस्टन पुढे सुटतं तेव्हा रायफल आधी मागे आणि मग पुढे उडते, आणि छर्रा नळीत असतानाच हे घडत असतं. उशीवर आपला तळहात ठेवा, त्यावर रायफल, दरवेळी त्याच जागी. पीसीपीला, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला, हे लाड लागत नाहीत.

उभं केल्यावर बघायचं काय

रिकामी रायफल उशांवर ठेवा, दुर्बिणीची फुली एखाद्या काळ्या ठिपक्यावर आणा, हात काढून घ्या. आता डोळा तिथेच ठेवून कोणाला तरी टेबलाच्या पायाला टिचकी मारायला सांगा, शेजारी जमिनीवर पाय आपटायला सांगा. फुली थरथरेल, थरथरू दे. ती पुन्हा त्याच ठिपक्यावर येऊन थांबली पाहिजे. बाजूला जाऊन थांबत असेल तर कुठेतरी आटा सैल आहे. पाइप पान्याने प्रत्येक पाय रंगाच्या खुणा समोरासमोर येईपर्यंत आवळा आणि पुन्हा बघा.

जागेबद्दल थोडक्यात, पण हे वाचल्याशिवाय टेबल करायला घेऊ नका. 4.5 मिलिमीटर, म्हणजे 0.177 कॅलिबरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, याचा अर्थ ती खेळणं आहे असा नाही. निशाणामागे मातीचा उंच बांध हवा, दगड नको, दगडावरून छर्रा परततो. बांधाच्या पलीकडे कोणाची वाट नाही हे आधी चालत जाऊन बघा. डोळ्यांवर चष्मा. आणि पक्ष्यांवर, खारींवर नेम धरायची हौस असेल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, शिवाय माझे दीरही आहेत. भाऊजींनी एकदा एका पाहुण्याला कबुतराकडे नळी वळवताना बघितलं आणि तिथल्या तिथे गाडीत बसवलं.

सगळं मिळून सामान साडेतीन हजारांच्या आत बसतं, वेल्डिंग धरून. पाय एका जुन्या सतरंजीची गवसणी शिवून तिच्यात ठेवते, म्हणजे डिकीत खडखडत नाहीत. पावसाळ्याआधी आट्यांना ग्रीस लावून फळी भिंतीला उभी करा आणि दसऱ्याला बाहेर काढाल तेव्हा बोल्टांचे नट एकदा आवळून घ्या. चार महिन्यांत लाकूड फुगून पुन्हा वाळलेलं असतं, नट थोडे फिरतातच.