कुत्र्याला घेऊन मळ्यावर जाताना

शहरातल्या कुत्र्याला गावाकडच्या मळ्यावर न्यायचे आपल्या मनात येते ते त्याला एकदा मनसोक्त पळता यावे म्हणून, आणि चालत्या शेतीवर नेमकी तीच एक गोष्ट त्याला करू देता येत नाही. आमच्या मामांची वस्ती निफाड तालुक्यात आहे. तिथे तीन एकर द्राक्षबाग, कांद्याची चाळ, चार गायींचा गोठा आणि प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे आहे, आणि बांधापलीकडे शेजाऱ्यांचा ऊस आहे. अठ्ठावीस किलो वजनाच्या आमच्या ब्रुनोला घेऊन आम्ही तिथे अनेकदा राहिलो आहोत. पहिल्या दोन खेपांत ज्या चुका झाल्या, त्यांतूनच पुढे दिलेली पद्धत बसत गेली. कोकणातल्या भातशेतीवर किंवा विदर्भातल्या संत्र्याच्या बागेत तपशील बदलतील, पण क्रम बहुतेक हाच राहील.

पहिली पायरी: विचारणे, आणि नीट विचारणे

“कुत्र्याला आणले तर चालेल का?” असे विचारले की नातेवाईक “आणा की, त्यात काय!” असेच म्हणणार, कारण पाहुण्याला नाही म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. कृषी पर्यटन केंद्रावर उत्तर थोडे व्यवहारी मिळते, तरी “पाळीव प्राणी चालतात” या शब्दांत गोठा आणि बाग धरलेली असतेच असे नाही. म्हणून प्रश्न नेमके असावेत. एखादी गाय नुकतीच व्यायली आहे का, किंवा या आठवड्यात व्यायची आहे का? बागेत फवारणी कोणत्या दिवशी आहे? उंदरांसाठी औषध टाकले आहे का, आणि कुठे? वस्तीवर कुत्री किती आहेत? रात्री आपल्या कुत्र्याला घराच्या आत झोपू देतील का? शेवटच्या प्रश्नाला नकार आला, तर निदान उसाच्या पट्ट्यात तरी मुक्काम करू नये. कारण पुढे येईलच.

गावात लाळ-खुरकुताची साथ सुरू असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. त्या रोगाचा विषाणू चपला, गाडीची चाके आणि कुत्र्याचे पाय यांवरून या गोठ्यातून त्या गोठ्यात जातो.

दुसरी पायरी: लस आणि सामान

रेबीजची लस मुदतीत असावी आणि तिचे कार्ड बरोबर ठेवावे. वार्षिक एकत्रित लसीत लेप्टोस्पायरोसिसचा समावेश आहे की नाही, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारून घ्यावे. उंदरांच्या लघवीतून पसरणारा हा रोग साचलेल्या पाण्यातून माणसाला आणि कुत्र्याला सारखाच होतो, आणि शेतावर उंदीर आणि साचलेले पाणी या दोन्ही गोष्टी असतातच. गोचीड-प्रतिबंधक गोळी किंवा मानेवर सोडायचे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, म्हणजे निघण्यापूर्वीच, झालेले असावे.

सामानात दीड मीटरचा एक आखूड पट्टा आणि पाच मीटरचा एक लांब पट्टा, गळपट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस, घरचे पाणी, विष्ठेसाठी पिशव्या आणि तोंडाला लावायची जाळी असावी. जाळीचे नाव काढले की अनेकांना ती शिक्षा वाटते. मळणीच्या वेळी बैलांना मुसके बांधतात ते काही शिक्षा म्हणून नव्हे. जमिनीवर पडलेले काहीही तोंडात घालणाऱ्या कुत्र्याला शेतावर हे मुसके वाचवते, मात्र त्याची सवय घरी आठवडाभर आधी लावावी लागते.

तिसरी पायरी: वस्तीवरच्या कुत्र्यांशी ओळख

गाडी थेट अंगणात नेऊन दार उघडणे ही आमची पहिली चूक होती. अंगण हे तिथल्या कुत्र्यांचे राज्य असते आणि राखण हे त्यांचे काम असते. म्हणून गाडी शिवाररस्त्यावरच थांबवावी, घरच्या कोणाला तरी त्यांची कुत्री घेऊन तिकडे बोलवावे आणि दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस पावलांचे अंतर राखून एकाच दिशेने काही वेळ चालावे. अंतर हळूहळू कमी करत सगळ्यांनी मिळून अंगणात शिरावे. खाण्याची भांडी मात्र शेवटपर्यंत वेगळी आणि लांब ठेवावीत. कापणी झालेल्या रानात मेंढपाळांनी मेंढ्या बसवल्या असतील, तर त्या बाजूला फिरकूच नये. त्यांची कुत्री ओळखीच्या भानगडीत पडत नाहीत.

चौथी पायरी: गोठा

धारेच्या वेळी, म्हणजे भल्या पहाटे आणि संध्याकाळी, कुत्रा गोठ्याच्या आसपास दिसता कामा नये. पहिल्याच संध्याकाळी ब्रुनो गव्हाणीजवळ उभा राहून दोनदा भुंकला, आणि कासेखाली चरवी घेऊन बसलेल्या मामी मान न वळवता म्हणाल्या, “तुझ्या पाहुण्याला जरा लांब ने रे, गाय पान्हा चोरतेय.” ते खरेच होते. गाय घाबरली की तिच्या शरीरात ॲड्रेनालिन सुटते, पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम त्याने अडते आणि दूध कासेतच राहते. त्या दिवशी डेअरीला दूध कमी गेले. पाहुण्यांना कोणी काही बोलले नाही, पण आम्हांला ते कळले.

वासरू असलेल्या गायीची गोष्ट याहून गंभीर आहे. एरवी अंगावर हात फिरवू देणारी गाय वासराजवळ कुत्रा आला की शिंगे रोखून धावते, आणि घाबरलेला कुत्रा पळतो तो आपल्या मालकाकडे, म्हणजे आपल्याच मागे गाय घेऊन येतो. गाय खरोखर अंगावर आलीच, तर पट्टा हातातून सोडून द्यावा. कुत्रा तिच्यापेक्षा चपळ असतो, आपण नसतो.

कुत्र्याची विष्ठा शेतातही उचलावीच लागते. “शेणखतात काय फरक पडतो” असा विचार इथे चालत नाही. निओस्पोरा नावाचा एक परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून वैरणीत आणि वैरणीतून गायीच्या पोटात जातो, आणि त्याने गाभण गाय गाभडू शकते. उलट दिशेने, व्यायलेल्या गायीची पडलेली वार कुत्र्याने खाल्ली तर हाच परजीवी त्याला लागतो. त्यामुळे वार खोल पुरलेली आहे ना, हे विचारायला संकोच करू नये. कडब्याची गंजी, मुरघास आणि पेंडीची पोती यांच्याजवळ कुत्र्याला पाय वर करू देऊ नये.

पाचवी पायरी: काय तोंडात जाऊ शकते

निफाडची ओळख असलेली दोन्ही पिके कुत्र्याला विषारी आहेत, हे आम्हांला ब्रुनो घरात येईपर्यंत माहीत नव्हते. द्राक्षे आणि त्याहून अधिक बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. २०२१ पासून पशुवैद्यकांचा संशय त्यांतल्या टार्टारिक आम्लावर आहे, आणि हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. किती द्राक्षे खाल्ली म्हणजे धोका, याचा ठोकताळा नाही. एखादा कुत्रा घोसभर खाऊन धडधाकट राहतो आणि दुसऱ्याला मूठभर पुरतात. म्हणून तोडणीच्या दिवसांत बागेत आणि पॅकिंगच्या शेडमध्ये त्याला नेऊच नये. कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शरीराच्या एका किलो वजनामागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रासाला पुरेसा असतो, म्हणजे ब्रुनोसारख्या कुत्र्याला पाच-सहा मध्यम कांदे. चाळीच्या तळाशी सडलेल्या कांद्यांचा ढीग असतो आणि कुत्र्याला नेमके सडकेच आवडते.

खरी भीती मात्र उंदरांच्या औषधाची आहे. झिंक फॉस्फाइड हे करड्या-काळ्या रंगाचे औषध भरडलेल्या धान्यात तेल घालून बिळांपाशी ठेवतात, आणि ते कुत्र्याला खाऊच वाटते. पोटातल्या आम्लाशी त्याचा संयोग झाला की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. अशा वेळी दूध किंवा पोळी देऊन “पोट भरवण्याचा” उपाय उलटतो, कारण खाण्यामुळे आम्ल आणखी सुटते. काहीही न भरवता, गाडीच्या काचा पूर्ण उघड्या ठेवून (त्याच्या उलटीतून बाहेर पडणारा वायू आपल्यालाही बाधतो) तडक डॉक्टर गाठावा आणि औषधाचे पाकीट बरोबर न्यावे. मराठवाड्यात सोयाबीनवरच्या गोगलगायींसाठी टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही कुत्र्याला अशाच ओढून घेतात.

गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गुरांचे उपचार होतात. त्यामुळे कुत्र्यांवर उपचार करणारा जवळचा डॉक्टर कोण आणि तो रात्री फोन उचलतो का, हे निघण्यापूर्वीच शोधून ठेवावे.

फवारणी झालेल्या बागेत त्या दिवशी जाऊ नये. कुत्रा पाय चाटतो, आणि पायाला लागलेले औषध त्याच वाटेने पोटात जाते. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे (अंकुर) फुटण्यासाठी द्राक्षाच्या काड्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, तेव्हा तर बागेच्या बांधावरही त्याला थांबवू नये.

सहावी पायरी: शेततळे

शेततळ्याच्या उतारावरचा प्लॅस्टिकचा कागद कोरडा असतानाही गुळगुळीत असतो, आणि पाण्याच्या रेषेपाशी त्यावर शेवाळ धरते. दुसऱ्या खेपेला ब्रुनो पाणी प्यायला वाकला आणि तसाच घसरत आत गेला. लॅब्रॅडोर पोहतो हे खरे, पण बाहेर येताना त्याची नखे कागदावर खरवडत राहिली आणि तो प्रत्येक वेळी हातभर वर येऊन पुन्हा खाली जात होता. लांब पट्टा हार्नेसला अडकवलेला होता म्हणून त्याला ओढून काढता आले. नखांनी कागदावर चार ओरखडे पडले, आणि मामांना त्यांवर ठिगळे लावावी लागली. तेव्हापासून तळ्याच्या कुंपणाच्या आत तो जात नाही. कुंपण नसलेल्या तळ्याजवळ आणि कठडा नसलेल्या विहिरीजवळ पट्टा आखूडच असावा. झटका मशीनची (जनावरांना अडवण्यासाठी विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाची) तार कुठून गेली आहे, हेही पहिल्याच फेरीत घरच्यांकडून दाखवून घ्यावे.

सातवी पायरी: रात्र

दिवस मावळायच्या आत कुत्र्याचे फिरणे उरकून घ्यावे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. निफाड, जुन्नर, संगमनेर या उसाच्या पट्ट्यांत बिबट्या वस्तीच्या अंगणापर्यंत येतो, आणि ओट्यावर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळूनही जाता येत नाही. दार लावलेल्या खोलीतच त्याला झोपवावे. रात्री त्याला बाहेर न्यावेच लागले, तर दोघांनी मिळून, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत जावे आणि दिव्याच्या उजेडाबाहेर जाऊ नये.

परतल्यावर

घरी आल्यावर आंघोळीआधी कुत्र्याचे अंग बोटांनी चाचपावे. कानांच्या आत, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली गोचीड दडतात. सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावा. त्यावर रॉकेल ओतू नये किंवा उदबत्तीचा चटका देऊ नये. पंजांत सराटे आणि कानांत कुसळे अडकलेली असतात, आणि कुसळ आत सरकत जाते, म्हणून कान सारखा झटकणाऱ्या कुत्र्याला त्याच दिवशी दाखवावे. पुढचे दोन-तीन आठवडे त्याच्या खाण्याकडे आणि हिरड्यांच्या रंगाकडे लक्ष ठेवावे. ताप, मरगळ, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त यांपैकी काही दिसले, तर तो मळ्यावर राहून आल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. रक्ताची कोणती तपासणी आधी करायची, ते त्यावरून ठरते.