पट्टेदार शोभिवंत गवत लावण्यापूर्वीची तयारी

मृगाच्या पावसाने जमीन ओलावली की परसबागेत पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचे गवत लावता येते. मात्र तयारी मे महिन्यातच सुरू करावी आणि रोपांची खरेदी सर्वांत शेवटी ठेवावी.

आधी जागा निश्चित करावी. पानावरील पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य फारसे नसते, त्यामुळे हे गवत साध्या गवतापेक्षा सावकाश वाढते आणि आपल्या विदर्भातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तोच भाग आधी करपतो. सकाळचे ऊन मिळून दुपारनंतर घराची किंवा कडुनिंबाची सावली येणारी पूर्वेकडील बाजू उत्तम. गर्द सावलीत मात्र वाढ खुरटते.

मातीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. आपली काळी जमीन पऱ्हाटीला (कपाशीला) कितीही मानवत असली, तरी ती पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते. नुसता खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली, तर भोवतालची चिकण माती पाणी जिरू देत नाही आणि तो खड्डा हौदासारखा तुंबतो. म्हणून तळाशी मुरूम पसरून, माती, जाड रेती आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच वाफा करावा. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून मुळे खाणारी हुमणी अळी येते, ते मुळीच वापरू नये.

पाण्याची सोयही आधीच पाहावी. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यातील क्षारांनी पानांची टोके तपकिरी होतात, तेव्हा पन्हळीखाली ड्रम ठेवून पावसाचे पाणी साठवणे हिताचे. गवत म्हणून विकला जाणारा स्पायडर प्लांट (तो वस्तुतः सफेद मुसळीच्या कुळीतला आहे, गवत नव्हे) पाण्यातील फ्लोराइडलाही संवेदनशील असतो. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडबाधित गावांनी हे ध्यानात ठेवावे.

पुरुषभर उंच वाढणारे पट्टेदार नळगवत, म्हणजे अरुंडो डोनॅक्स, उन्हाला चिवट आहे. परंतु ते जमिनीखालील कंदांनी पसरते. त्यासाठी बूड कापलेला जुना ड्रम आधीच पुरून घ्यावा आणि काढलेले कंद नाल्यात कधीही टाकू नयेत, कारण ओलाव्याच्या काठाने ते झपाट्याने फोफावते.

शेळ्या कोवळे पान सोडत नाहीत, तेव्हा तुऱ्हाट्यांचे (तुरीच्या वाळक्या काड्यांचे) कुंपण लागवडीपूर्वीच उभारावे. कुदळ, घमेले, धारदार विळा आणि आच्छादनासाठी सोयाबीनचे कुटार (भुसा) हाताशी असावे. कुटार बुंध्याला टेकू देऊ नये, अन्यथा वाळवी लागते.

आता रोपवाटिकेत जावे. बियांपासून पट्टे सहसा टिकत नाहीत, म्हणून फुटवे वेगळे करून वाढवलेलेच रोप मागावे आणि ठोंब हातात घेऊन बुडापाशी नीट पाहावे. संपूर्ण हिरवा फुटवा दिसला, तर तो विळ्याने मुळासकट काढावा, कारण त्याच्यात हरितद्रव्य भरपूर असल्याने तो पट्टेदार फुटव्यांपेक्षा जोमाने वाढतो आणि वर्षभरात सारा ठोंब व्यापून टाकू शकतो.