वजूखान्यात सेन्सरचे नळ बसवताय? या चुका टाळा

मॉलच्या बेसिनवर चालतो तोच नळ मुंब्रा-कौशाच्या मशिदीत आणून लावायचा, ही पहिली चूक. बेसिनपाशी माणूस उभा राहून फक्त हात धुतो. वजूला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, तो ओट्यावर बसतो. चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं) आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. घोळ होतो तो पायांपाशी. सेन्सर ओंजळीच्या उंचीला, पाय खाली. मग एक हात सेन्सरसमोर धरून लोक दुसऱ्याने पाय चोळतात आणि धार चालूच राहते. म्हणून ऑर्डर देण्याआधी एक नळ लावून, ट्रस्टींनी स्वतः ओट्यावर बसून पूर्ण वजू करून बघावी. वयस्कर नमाजींनाही बसवावं.

हात काढल्यावर नळ किती सेकंदांनी बंद होतो, तेही बघा. मसहला ओला हात पुरतो, चूळ खळखळवताना पाणी लागत नाही. बचत आहे ती याच मधल्या वेळात. ‘लोकांना बरं पडतं’ म्हणून ही वेळ वाढवायची असेल, तर साधा नळ काय वाईट? पैगंबर एक मुद पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आत वजू करत, असं हदीस सांगते. मिनिटाला दहा लिटर सोडणारा नळ तेवढं पाणी पाच सेकंदांत सांडतो. धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारा एरेटर लावाच.

नळ बंद झाल्यावरही ठिबकतो? आधी प्रेशर तपासा. टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तर जेमतेम एक बार (प्रेशरचं माप) मिळतो. सेन्सरच्या इशाऱ्यावर पाणी सोडणाऱ्या-थांबवणाऱ्या बऱ्याच सोलेनॉइड व्हॉल्वना किमान अर्धा बार लागतो. वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली तेवढाही नसतो. तिथे कमी प्रेशरचा व्हॉल्व मागून घ्या. प्रेशर ठीक असेल तर व्हॉल्वमधल्या रबरी पडद्याखाली (डायफ्रॅम) वाळूचा कण अडकलाय. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर पाणी गढूळ येतं, तेव्हा नळाची गाळणीची जाळी धुवायचं काम कुणाकडे तरी सोपवून ठेवा. धार बारीक झाली तरी आधी जाळीच बघायची.

समोर कुणी नसताना नळ सुरू होत असेल, तर समोरची चकचकीत टाइल किंवा थेट ऊन कारण असतं. सेन्सरची रेंज कमी करा.

बॅटऱ्या रमजानच्या आधीच बदलाव्यात, जुम्याच्या गर्दीत नव्हे. आणि कोपऱ्यात दोन साधे कॉक राहू द्या. फरशी धुवायची बादली सेन्सरखाली भरत बसायला कुणाला वेळ आहे?