रस्ट आणि लिस्प एफएफआयने जोडताय? या चुका टाळा

एफएफआय म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेतलं फंक्शन कॉल करायची सोय. रस्टमधलं फंक्शन लिस्पमधून कॉल करा किंवा उलट करा, मधे सीचं एबीआय (मशीनच्या पातळीवर कॉल कसा करायचा याचे नियम) येतंच, कारण दोघांना कळणारं तेवढं एकच माध्यम आहे. आणि खरी गोची तिथेच आहे, रस्टचा बॉरो चेकर (मेमरीचा वापर कंपाइल करतानाच तपासणारा) आपल्या हद्दीपर्यंतच बघतो, लिस्पची कंडिशन सिस्टीम (एरर हाताळणारी यंत्रणा) तिच्या हद्दीपर्यंत, आणि मधल्या पट्ट्यात तुम्ही जे लिहाल ते दोघंही डोळे झाकून खरं मानतात. त्यामुळे चूक एका जागी होते आणि क्रॅश भलतीकडेच दिसतो, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. माझं स्पष्ट मत आहे की हा पट्टा जेवढा पातळ ठेवता येईल तेवढा ठेवा, त्यावरून फक्त आकडे, पॉइंटर, बाइट आणि रिटर्न कोड जाऊ द्या, बाकी हुशारी आपापल्या बाजूला. खालचं बहुतेक सगळं एसबीसीएल (कॉमन लिस्पचं एक इम्प्लिमेंटेशन) आणि सीएफएफआय (लिस्पमधून बाहेरची फंक्शन कॉल करायची लायब्ररी) धरून लिहिलंय, ईसीएलचं (दुसऱ्या प्रोग्रामच्या आत बसवता येणारं लिस्प) शेवटी.

फंक्शन सापडतच नाही

हे पटकन आटपू. कार्गो (रस्टचं बिल्ड टूल) डिफॉल्टने आरलिब (रस्टपुरती लायब्ररी) बनवतं, ते लिस्पला लोड करता येत नाही, क्रेट-टाइप (क्रेट म्हणजे रस्टचं पॅकेज) सीडायलिब लावा. क्रेटच्या नावात डॅश असेल तर फाइलच्या नावात त्याचा अंडरस्कोर होतो, आणि विंडोजवर नावापुढे लिब लागत नाही. फंक्शनवर एक्स्टर्न सी (सीच्या पद्धतीने कॉल) आणि नो-मँगल (नाव जसंच्या तसं ठेवणं) दोन्ही हवेत, २०२४ एडिशनमध्ये नो-मँगल हे अनसेफच्या कंसात लिहावं लागतं नाहीतर कंपाइलच होत नाही. लिनक्सवर एनएम कमांड डॅश-डी लावून चालवा, नाव यादीत नसेल तर लिस्पकडे बघण्यात वेळ घालवू नका. आणि एसबीसीएल लोड करताना अनडिफाइन्ड एलियन अशी वॉर्निंग देऊन पुढे जातं, एरर येतो तो कॉल केल्यावर, म्हणून त्या वॉर्निंगकडे दुर्लक्ष करू नका.

टाइप दिसायला सारखे, साइज वेगळी

सगळ्यात जास्त फसवतो तो बूल. रस्टचा बूल एक बाइटचा, सीएफएफआयचा बुलियन डिफॉल्टने सीच्या इंटएवढा, म्हणजे सहसा चार बाइट. रस्टने फॉल्स परत केलं तरी रजिस्टरच्या वरच्या बिट्समध्ये कचरा असू शकतो आणि लिस्पला ते ट्रू दिसतं, तेही कधीतरीच, त्यामुळे शोधताना नाकी नऊ येतात. बेस टाइप आठ बिटांचा द्या किंवा सरळ यू८ पाठवा. उलट्या दिशेने तर जास्त जपा, रस्टच्या बूलमध्ये ० आणि १ सोडून काहीही आलं की ते अनडिफाइन्ड बिहेविअर आहे, म्हणजे पुढे काय होईल याची काही हमी नाही.

यूसाइजसाठी अनसाइन्ड लाँग लिहायची सवय असेल तर सोडा, ६४ बिट विंडोजवर लाँग चारच बाइटचा असतो. स्ट्रक्टवर रेप्र सी (सीसारखी मांडणी ठेव असं सांगणारी खूण) नसेल तर रस्ट फील्डचा क्रम बदलू शकतो, आणि स्ट्रक्ट बाय व्हॅल्यू पाठवायचा तर सीएफएफआयला लिबएफएफआयची जोड लागते, त्यापेक्षा पॉइंटर द्या. आणखी एक, रिकामी लिस्ट पाठवायची म्हणून नल पॉइंटर आणि लांबी शून्य पाठवली तर रस्टमध्ये त्याची स्लाइस बनवणं चुकीचं आहे, लांबी शून्य असली तरी पॉइंटर नल चालत नाही, आधी तपासा.

स्ट्रिंग कोणाची, फ्री कोणी करायची

रस्टने सीस्ट्रिंग बनवून इंटू-रॉ करून पॉइंटर दिला आणि तुम्ही डेफसीफनमध्ये (सीएफएफआयचा, बाहेरचं फंक्शन जाहीर करणारा मॅक्रो) रिटर्न टाइप स्ट्रिंग लिहिला, सगळं मस्त चालतं, लिस्प स्ट्रिंग हातात येते, पण मूळ पॉइंटर हरवला आणि ती मेमरी कायमची लीक झाली. रिटर्न टाइप पॉइंटर ठेवा, त्याची लिस्प स्ट्रिंग करून घ्या, आणि मग रस्टनेच दिलेलं फ्री करणारं फंक्शन कॉल करा, तेही अनवाइंड-प्रोटेक्टच्या आत, म्हणजे मधे एरर आला तरी ते चालेल. तिथे सीएफएफआयचं फॉरेन-फ्री वापरू नका. बऱ्याच मशीनवर ते चालून जातं कारण रस्टचा डिफॉल्ट अलोकेटर युनिक्सवर मॅलॉकच वापरतो, पण कोणी जेमॅलॉक ग्लोबल अलोकेटर म्हणून लावला की त्याच दिवशी हीप बिघडते आणि दोष भलत्याच कमिटला जातो.

लिस्पकडून रस्टकडे जाताना वेगळा सापळा आहे. आर्ग्युमेंटचा टाइप स्ट्रिंग असेल तर सीएफएफआय त्या कॉलपुरती मेमरी घेतं आणि कॉल संपला की सोडून देतं. रस्टने तो पॉइंटर स्ट्रक्टमध्ये जपून ठेवला तर कंपाइलर अडवत नाही, कारण सीस्टरच्या फ्रॉम-पॉइंटरमधून येणारी लाइफटाइम तुम्ही म्हणाल तेवढी लांब होते. ठेवायचं असेल तर आत आल्याआल्या कॉपी करा.

आणि सीस्ट्रिंग न्यू च्या पुढे अनरॅप लावू नका. डेटामध्ये मधेच शून्य बाइट आला की ते एरर देतं, अनरॅप पॅनिक करतं (म्हणजे रस्ट चालू काम अर्ध्यात सोडून देतं), आणि पॅनिकचं काय होतं ते पुढे बघूच.

जीसी ऑब्जेक्ट हलवतो

एसबीसीएलचा जीसी (न लागणारी मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर) ऑब्जेक्ट एका जागेवरून दुसरीकडे नेतो, म्हणून लिस्प व्हेक्टरचा पत्ता रस्टला देऊन मोकळं होता येत नाही. विथ-पॉइंटर-टू-व्हेक्टर-डेटा वापरा, ते व्हेक्टर पिन करतं, पण फक्त त्या ब्लॉकपुरतं, पॉइंटर बाहेर नेला की संपलं. व्हेक्टरही साधा चालत नाही, बाइट किंवा डबल-फ्लोट असा ठरलेल्या टाइपचा हवा, सीएफएफआयचं मेक-शेअरेबल-बाइट-व्हेक्टर त्यासाठीच आहे. रस्टमधला थ्रेड नंतर वाचणार असेल तर फॉरेन-अलॉकने किंवा स्टॅटिक-व्हेक्टर्स लायब्ररीने हीपबाहेर जागा घ्या.

हा बग टेस्टमध्ये दिसत नाही त्याला कारण आहे. एक्स८६-६४ वर एसबीसीएल स्टॅक कन्झर्वेटिव्ह पद्धतीने बघतं, म्हणजे स्टॅकवर पत्त्यासारखं काही दिसलं की ते ऑब्जेक्ट हलवत नाही, त्यामुळे छोट्या टेस्टमध्ये तुमचा चुकीचा कोडही बरोबर चालतो आणि मोठ्या लोडला कोसळतो. म्हणून टेस्टमध्ये दर कॉलच्या आधी आणि नंतर मुद्दाम फुल जीसी चालवा, लपलेले बरेच बग तिथेच बाहेर येतात.

क्लोजर, हॅशटेबल असलं काही रस्टला द्यायचं असेल तर ऑब्जेक्ट देऊच नका, लिस्पच्या बाजूला टेबल ठेवा आणि रस्टला फक्त नंबर द्या. रस्टच्या ऑब्जेक्टचंही तसंच, बॉक्सचा पॉइंटर द्या पण लिस्पने त्यात डोकावायचं नाही.

पॅनिक आणि कंडिशन, इथे थांबून नीट वाचा

रस्ट १.८१ पासून एक्स्टर्न सी फंक्शनमधून पॅनिक बाहेर पडायला लागला की प्रोसेस अबॉर्ट होते, त्याआधी तर ते अनडिफाइन्ड बिहेविअर होतं. अबॉर्ट म्हणजे अख्खी लिस्प इमेज गेली, रेपलमध्ये (लिस्पच्या संवादी प्रॉम्प्टमध्ये) तासभर जमवलेली स्टेट गेली. सी-अनवाइंड एबीआय वापरून पॅनिक लिस्पपर्यंत जाऊ देऊ असं वाटू शकतं, पण लिस्पच्या फ्रेम रस्टच्या अनवाइंडरला कळतच नाहीत, त्यामुळे तो मार्ग नाही. प्रत्येक बाहेरच्या फंक्शनमध्ये कॅच-अनवाइंड लावा, आत पॅनिक झाला तर एरर कोड परत करा, आणि लिस्पच्या बाजूला त्या कोडवरून कंडिशन सिग्नल करा. कार्गो प्रोफाइलमध्ये पॅनिक अबॉर्ट लिहिलेलं असेल तर कॅच-अनवाइंडचा काही उपयोग नाही, ते आधी काढा. पॅनिकचा मेसेज दिसत नसेल तर स्लाइमच्या (ईमॅक्समधलं लिस्पचं साधन) रेपलमध्ये शोधू नका, तो स्टँडर्ड एररवर जातो म्हणजे इन्फिरियर-लिस्प बफरमध्ये असतो.

उलट दिशेचा प्रकार जास्त घातक आहे कारण तो लगेच मरत नाही. लिस्पचा कॉलबॅक रस्ट कॉल करतंय, त्यात एरर आला, डीबगर उघडला, तुम्ही सवयीने अबॉर्ट रीस्टार्ट निवडला. लिस्प रस्टच्या फ्रेमवरून सरळ उडी मारून टॉप लेव्हलला आलं, रस्टचा एकही ड्रॉप (साफसफाईचा कोड) चालला नाही, म्युटेक्सचा गार्ड तसाच लॉक राहिला आणि पुढचा कॉल हँग. दुसऱ्या कॉलला हँग होतंय अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हेच तपासा. उपाय असा की कॉलबॅकच्या बॉडीभोवती हँडलर-केस लावा, कंडिशन एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, रस्टला एरर कोड द्या, आणि रस्ट नीट परत आल्यावर लिस्पमध्ये ती कंडिशन पुन्हा सिग्नल करा. थ्रो आणि रिटर्न-फ्रॉमही कॉलबॅकबाहेर जाता कामा नयेत.

नॅनच्या जागी एरर

रस्टमध्ये ०.० भागिले ०.० केलं तर नॅन (आकडा नाही असं सांगणारी फ्लोट व्हॅल्यू) येतो, पण तोच कोड एसबीसीएलमधून कॉल केला की अरिथमेटिक एरर. कारण एसबीसीएल ओव्हरफ्लो, इनव्हॅलिड आणि डिव्हाइड-बाय-झीरोचे फ्लोट ट्रॅप चालू ठेवतं आणि कॉल करताना ते तसेच राहतात. आणि तो एररही रस्टच्या फ्रेमवरून उडी मारतो, म्हणजे वरचाच धोका. विथ-फ्लोट-ट्रॅप्स-मास्क्ड मध्ये कॉल गुंडाळा, बऱ्याच इम्प्लिमेंटेशनवर चालवायचं असेल तर फ्लोट-फीचर्स लायब्ररी आहे.

फायनलायझर

रस्टचा पॉइंटर आपोआप फ्री व्हावा म्हणून फायनलायझर (ऑब्जेक्ट गोळा झाल्यावर चालणारं फंक्शन) लावताना क्लोजरमध्ये तो लिस्प ऑब्जेक्टच पकडला तर ऑब्जेक्ट कधीच गोळा होत नाही, फक्त पॉइंटरची व्हॅल्यू पकडा. फायनलायझर दुसऱ्या थ्रेडवर चालू शकतो, त्यामुळे आत आरसी असलेला, म्हणजे सेंड नसलेला (दुसऱ्या थ्रेडवर नेता न येणारा) टाइप तिथे ड्रॉप करू नका. महत्त्वाच्या रिसोर्ससाठी मी तरी हाताने क्लोज करणारं फंक्शन आणि वर विथ-मॅक्रो हेच सुचवेन.

इमेज सेव्ह केली तर, आणि ईसीएल

सेव्ह-लिस्प-अँड-डाय केल्यावर नवीन प्रोसेसमध्ये लायब्ररी पुन्हा उघडली जाते, पण ग्लोबलमध्ये ठेवलेले जुने पॉइंटर निरर्थक होतात, ते सुरुवातीला चालणाऱ्या हुकमध्ये नव्याने बनवा.

रस्ट मुख्य प्रोग्राम आणि आत ईसीएल अशी रचना असेल तर लक्षात घ्या की ईसीएल बोएम जीसी वापरतं, ते स्टॅक बघतं पण रस्टची हीप बघत नाही. लिस्प ऑब्जेक्ट फक्त रस्टच्या व्हेकमध्ये किंवा बॉक्समध्ये असेल तर जीसीच्या दृष्टीने तो बेवारस, आणि तो कधीही जाऊ शकतो. लिस्पच्या बाजूला एका ग्लोबल टेबलमध्येही तो ठेवा. दुसरं, ईसीएलचं एपीआय बऱ्यापैकी सीच्या मॅक्रोंवर उभं आहे, एरर पकडणारे मॅक्रो तर आतून सेटजंप (सीमधली फ्रेम ओलांडून मागे उडी मारायची सोय) वापरतात, बाइंडजेनला (सीच्या हेडरवरून रस्टच्या घोषणा बनवणारं टूल) ते जमत नाही आणि रस्टमधून सेटजंप कॉल करायचा प्रयत्न करूच नका. त्यासाठी सीची एक छोटी फाइल लिहा, एरर तिथेच पकडा, आणि रस्टला फक्त रिझल्ट आणि कोड द्या.